गाडीचा एसी आणि तीस रुपयांचं टोपण : अकरा महिन्यांचा अनुभव

परवा सर्व्हिसिंगहून गाडी घरी आली, सवयीने बॉनेट उघडलं आणि डोकंच फिरलं. एसीच्या जाड पाइपवरचं ‘एल’ (लो, म्हणजे कमी दाबाची बाजू) लिहिलेलं काळं टोपण गायब! गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, तिचं मायलेज आणि डिकी यांवर सगळ्यांनी भरपूर लिहिलंय. मी फक्त एसीबद्दल लिहिणार, आणि त्यातही जास्त करून टोपणाबद्दल.

सुरुवात मागच्या एप्रिलची. अकोल्याचा एप्रिल, दुपारी ४३. पंखा चारवर आणि हवा अशी की कुणीतरी तोंडासमोर इस्त्री धरलीय. रस्त्यावरच्या एसीवाल्या भाऊंनी गेज (दाब मोजायचं मीटर) लावलं, काट्याकडे बघितलं. “गॅस उडाला भाऊ.” १,५०० रुपये. संध्याकाळपर्यंत गाडी गारेगार. पाच आठवडे मी त्या माणसाचे गोडवे गात फिरलो. सहाव्या आठवड्यात परत इस्त्री, परत “गॅस उडाला”, परत १,५००. उडाला तो कुठून, असं विचारलं तर म्हणे, “उन्हाळ्यात उडतेच थोडा.”

अहो, गॅस काय पेट्रोल आहे जळून जायला? सर्किट बंद असतं. कॉम्प्रेसर दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून गॅसचा द्रव होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि केबिनमधली उष्णता ओढून घेतो. तोच गॅस फिरत राहतो. रबरी होजमधून किंचित झिरपतो खरा, पण त्याचा हिशेब वर्षांत करायचा, आठवड्यांत नाही. पाच आठवड्यांत एसी बसला म्हणजे कुठेतरी भोक आहे.

दुसऱ्यांदा भरलेला गॅस तर दहाच दिवस टिकला. मग शहाणा होऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. आगीतून फुफाट्यात. “कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, १७,८०० होतील.” कॉइल उघडून बघितली का? नाही. डाय (गळती दाखवणारा रंग) टाकून बघितला का? नाही. “याच्यात बहुतेक कॉइलच जाते सर.” या ‘बहुतेक’साठी मी १७,८०० मोजणार नव्हतो. गाडी घेऊन घरी आलो.

आधी फुकटातली कामं केली. केबिन फिल्टर काढला, त्यात कडुनिंबाचा अख्खा फुलोरा होता. साफ केला, हवा वाढली, गारवा नाही. मग २५० रुपयांचा थर्मामीटर एसीच्या हवेच्या जाळीत खोचून मूर्तिजापूरपर्यंत गेलो (रस्ता गुळगुळीत आहे). सिग्नलला गरम आणि हायवेवर गार असं असेल, तर आधी पुढचा पंखा आणि चिखलाने बुजलेला कंडेन्सर बघावा. माझी गाडी ९० च्या स्पीडलाही २२ च्या खाली गेली नाही. थांबून बॉनेट उघडलं, तर कॉम्प्रेसरचा क्लच (तो चालू-बंद करणारा) दर सहा-सात सेकंदांनी टक् करून लागत होता आणि सुटत होता. गॅस कमी झाल्याची ही नेहमीची खूण. जाड पाइपला घाम फुटायला हवा, तो कोरडा ठणठणीत.

आणि त्याच पाइपवर, जिथून गॅस भरतात त्या तोंडाभोवती, धुळीचा काळा चिकट थर. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. गॅस जिथून निसटतो तिथे तेलही येतं, त्यावर धूळ बसते. टोपण नव्हतंच. एसी चालू ठेवून तोंडात साबणाचं पाणी सोडलं. काही नाही. इथेच मी हरलो होतो. पण एसी चालू असताना या बाजूचा दाब कमी असतो. एसी बंद करून दहा मिनिटं थांबलो, दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला, परत दोन थेंब टाकले. एक बुडबुडा फुगला, फुटला, लगेच दुसरा.

आत गाडीच्या टायरमध्ये असते तशी व्हॉल्व्ह पिन असते. गेजची नळी लावताना ती दाबली जाते, कचरा अडकला की नीट बसत नाही. अशा वेळी आतल्या रबरी वॉशरमुळे ते टोपण गळती बरीच रोखून धरतं. लोकांना वाटतं ते धुळीसाठी असतं.

अमरावतीच्या एका दुकानात काम करून घेतलं. पिन ४० रुपये, टोपण ३०, व्हॅक्यूम (आतली हवा ओढून काढणं) आणि गॅस मिळून १,८००. त्यांनी गॅस बॉनेटखालच्या स्टिकरप्रमाणे ग्रॅममध्ये तोलून भरला. हे महत्त्वाचं, कारण जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. आणि बंद गाडीत थोडाफार द्रव शिल्लक असेपर्यंत गेजवरचा दाब तापमानावर ठरतो, गॅस किती उरलाय ते त्यावरून कळत नाही. त्यानंतर अकरा महिन्यांत एक ग्रॅमही भरला नाही. गेल्या आठवड्यात बाहेर ४४ असताना जाळीत ९ आलं. बायको म्हणाली, “कमी करा जरा.” हे वाक्य ऐकायला वर्ष गेलं.

आणि परवा ‘मोफत एसी तपासणी’त सर्व्हिसिंगवाल्यांनी टोपण हरवलं. फोन केला तर म्हणे, टोपण वेगळं येत नाही, पाइप असेंब्ली घ्यावी लागेल. घरात दुसऱ्या एका गाडीचं ‘एच’वालं (हाय, जास्त दाबाच्या बाजूचं) होतं, पण ते मोठं, इथे बसत नाही.

शेवटी नाक मुठीत धरून त्याच रस्त्यावरच्या भाऊंकडे गेलो. त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. अर्धा डबा टोपणं! दोन लावून बघितली, तिसरं बसलं. पैसे घेतले नाहीत. “टोपनाचे काय पैसे घ्यायचे भाऊ?”

त्यामुळे त्यांच्यावरचा माझा राग निम्मा कमी करतोय. त्या डब्यातलं एखादं माझ्याच गाडीचं असणार, म्हणून निम्माच.