प्राग की तार्तू?
सोव्हिएतनंतरचं राजकारण शिकायला कुठे जाऊ विचारलंस म्हणून सांगते. खर्चात एस्टोनियातलं तार्तू बरं, जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, सगळीकडे चालत जाता येतं. चेक राजधानी प्रागला रूमभाडंच जास्त, आणि चार्ल्स विद्यापीठात फी माफ ती चेक भाषेतून शिकलीस तरच, इंग्रजीतून पैसे भरावे लागतात. विषयाचं म्हणशील तर एस्टोनिया १९९१ पर्यंत सोव्हिएत संघातच होता, तिथल्या सीमेवरच्या नार्वा गावी गेलीस की नदीपलीकडे थेट रशिया आणि गावात बहुतेक सगळे रशियनच बोलतात, हे पुस्तकातून नाही गं मिळत. चेक लोकांनी १९६८ मध्ये देशात घुसलेले सोव्हिएत रणगाडे पाहिले, पण ते सोव्हिएत संघात कधीच नव्हते. थंडी मात्र तार्तूत जबरी. रशियन भाषा, सीमा, बाल्टिक देश यात जीव असेल तर तार्तू. मध्य युरोप आणि मोठं शहर हवं असेल तर प्राग.