मागेल त्याला सौर कृषी पंप: एकर मोजले, पाण्याची खोली कोण मोजणार?

महावितरणच्या या योजनेत अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 एचपीचा पंप मिळतो. सर्वसाधारण गटाने 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींनी 5 टक्के रक्कम भरायची, बाकीचे अनुदान. रात्रपाळीचे पाणी, जळालेली डीपी आणि बिल तिन्हींतून सुटका होते. विहिरीला 40-50 फुटांवर बारमाही पाणी असेल तर फार विचार न करता अर्ज करावा.

गोम बोअरवाल्यांची आहे. एचपी सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून ठरते. पाणी किती खोल आहे याचा त्यात हिशेब नाही. 3 एचपीचा पंप, कार्यक्षमता 50 टक्के धरून, भर उन्हात 30 मीटरवरून तासाला साधारण 13 हजार लिटर पाणी काढेल. तेच 90 मीटरवरून काढायचे तर जेमतेम साडेचार हजार. मराठवाड्यातल्या अडीच एकरवाल्याला आणि नदीकाठच्या अडीच एकरवाल्याला एकच माप लावणे, ही नियोजनाचीच चूक आहे.

एचपी आपल्या हातात नाही, पण हेड, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती मीटर उचलावे लागेल ते माप, आहे. पंप बसवण्याआधी महावितरण आणि ठेकेदार शेतात येऊन संयुक्त पाहणी करतात, त्या वेळी हा हेड मे महिन्याच्या पातळीवरून काढायचा, तोही पंप चालू असताना पाणी जिथे टेकते तिथून. समजा ते 45 मीटर आहे. टाकीची चढण 5, पाइपातले घर्षण 4-5, थेट ठिबक चालवायचे तर आणखी 10-15. म्हणजे 65-70 मीटर झाले. इथे 50 मीटर हेडचा पंप बसवला तर दिवाळीत झकास चालतो आणि एप्रिलमध्ये नुसता फिरतो. उलट 100 मीटर हेडचा पंप 30 मीटरवर लावला तर त्याच्या स्टेज (पाणी उचलणाऱ्या पंख्यांचे थर) फुकट जातात, पाणी कमीच येते.

थेट ठिबकाचा भरवसा धरू नका. ढग आला की दाब पडतो, व्हेंचुरी (ठिबकात खत सोडणारी नळी) खत ओढत नाही, शेवटच्या तोट्या कोरड्या राहतात. शेततळे किंवा उंचावरची टाकी भरून तिथून पाणी दिलेले बरे.

बसवताना ठेकेदार घाई करतात ती सांगाड्याच्या पायाभरणीत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सांगाडा कलतो. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्यायला लावा. वीजरोधकाची अर्थिंग वेगळी हवी. पॅनेल एकाच माळेत असतात, त्यामुळे एकावर बाभळीची सावली पडली तरी पाणी कमी होते. धूळ सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. दहा पॅनेलच्या माळेत 400 व्होल्टच्या आसपास डीसी असते, म्हणून पंप चालू असताना जोडपिना ओढायच्या नाहीत, ठिणगी पेटती राहते. आधी कंट्रोलर बंद, मग आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच).

देखभाल आणि विमा पाच वर्षांचा आहे. वादळाने पॅनेल उडाले तर लगेच फोटो काढून तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपा.

ज्यांच्याकडे आधीच विजेचा कृषिपंप आहे त्यांना हा पंप मिळत नाही. त्यांच्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी 2.0 आहे: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून अख्ख्या फीडरला दिवसा वीज. खोल बोअरवाल्याला खरे तर तीच जास्त सोयीची, कारण त्यात आपल्या पंपाचा एचपी आपणच ठरवतो.