झूमचा एच१एन रेकॉर्डर: चर्चमध्ये गाणं लीड करत असाल तर हा मागच्या बाकाजवळ ठेवून बघा

आमच्या मराठी चर्चच्या वर्शिप टीमसाठी झूमचा (व्हिडिओ कॉलवालं नाही, ऑडिओ मशीन बनवणारी कंपनी) एच१एन हा आवाज रेकॉर्ड करायचा रेकॉर्डर घेतलाय, आता दर रविवारी उपासनेत वापरतो, आणि ज्यांच्या हातात माईक असतो त्या सगळ्यांनी एकदा तरी असं काहीतरी वापरावं असं मला मनापासून वाटतं.

मशीन छोटंसं आहे, खिशात मावतं. वर दोन माईक एकमेकांना तिरके लावलेत त्यामुळे स्टिरिओ रेकॉर्डिंग होतं, ट्रिपल ए चे २ सेल लागतात, मायक्रोएसडी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं चालतं. रेकॉर्डिंगची क्वालिटी २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाते पण चर्चसाठी ४८ किलोहर्ट्झ भरपूर झालं. ऑटो लेव्हल (मशीन स्वतःच आवाज कमी-जास्त करतं ते) मात्र बंद ठेवा, कारण ढोलकीची थाप जोरात पडली की लेव्हल खाली येते आणि तिच्याबरोबर मंडळीचा आवाज पण दबतो, म्हणजे जे ऐकायला रेकॉर्डर लावला तेच जातं. लो कट (खालचे घुमणारे आवाज कापायची सोय) चालू केलं की पंख्यांची घरघर बरीच कमी होते. हातात धरून रेकॉर्ड करू नका, ट्रायपॉडला लावा.

पण खरी गोष्ट आहे ती कुठे ठेवायचा याची. स्टेजवर ठेवू नका, मागे ठेवा. स्टेजवर लीडरला मॉनिटरमधून (गाणाऱ्यांकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) स्वतःचाच आवाज आणि कीबोर्ड ऐकू येतो, समोर लोक ओठ हलवताना दिसतात, त्याला वाटतं अख्खं चर्च गातंय. आमच्या टीमचंही तसंच होतं. मागच्या बाकाजवळचं रेकॉर्डिंग शनिवारी प्रॅक्टिसला सगळ्यांनी बसून ऐकलं तर ध्रुवपदाला मंडळी भरभरून गातेय, अंतरा वर चढला की बाया-पुरुष सगळे गप्प आणि उरतो फक्त आमचा आवाज, त्यात लय पण हळूहळू पळायला लागलेली आणि एक अंतरा मनानेच परत घेतल्यामुळे अर्धे लोक पुढच्या कडव्यावर गेलेले. ऐकून झाल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. पट्टी आम्ही आमच्या गळ्याला शोभेल अशी धरली होती, मंडळीच्या नाही.

आणि हेच मंडळीतल्या एका आजींनी आधी सांगितलं होतं, "बाळा तू छान गातोस पण आम्हाला गाता येत नाही रे", तेव्हा त्यांचं वय झालंय म्हणून ते सोडून दिलं गेलं. लीनतेवर वचनं वाचणारे, प्रार्थना करणारे आम्हीच, आणि आजींचं ऐकायला मशीन लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. प्रॅक्टिसनंतर त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजनं आपल्याकडे अजून गातात. भजनात एकाने ओळ सांगायची आणि सगळ्यांनी उचलायची, मंडळीला ओळ उचलताच आली नाही तर सांगणाऱ्याचं गाणं कितीही सुरेल असो, ते भजन झालंच नाही. म्हणून जे भजन पांढरी तीनमध्ये चालायचं ते खाली काळी एकवर आणलं, मधले कीबोर्डचे लांबलचक तुकडे काढले, कोणता अंतरा परत घ्यायचा ते आधीच ठरवतो. नवीन गीत असेल तर आधी आजींना आणि दोघा-तिघा मोठ्या माणसांना गायला बसवतो, त्यांना जमेल तीच पट्टी.

बजेट नसेल तर साधा मोबाईल मागे ठेवून सुरुवात करा, पट्टी आणि लय कळायला तेवढा पुरतो. मंडळीचा आवाज, ढोलकी, पेटी वेगवेगळं नीट ऐकायचं असेल तर मात्र हा घ्या. आणि रेकॉर्डिंग करण्याआधी पाळकसाहेबांना आणि मंडळीला सांगा, साक्ष आणि प्रार्थनेच्या वेळी बंद ठेवा.