वर्गासाठी घेतलेली हृदयाची प्रतिकृती

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेली ही प्लास्टिकची प्रतिकृती मधोमध उघडते आणि दोन अलिंदे (वरचे कप्पे) व दोन निलये (खालचे कप्पे) स्वच्छ दिसतात, जे भिंतीवरच्या तक्त्यात कधीच जमत नाही. डाव्या निलयाला सर्व शरीरभर रक्त ढकलावे लागत असल्याने त्याची भिंत उजव्यापेक्षा साधारण तिप्पट जाड असते, हा फरक येथे बोट फिरवताच कळतो. उजव्या अलिंद व निलयामधल्या त्रिदली झडपेला धरून ठेवणारे बारीक तंतूही कोरलेले आहेत. निलय आकुंचन पावताना झडप अलिंदाकडे उलटू नये, हे त्यांचे काम. दोन भाग जोडणारे चुंबक थोडे ढिले आहेत, ते चालून जाईल. मात्र ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेणारी फुप्फुस धमनी सरसकट लाल रंगवली आहे; असे रक्त निळ्या रंगाने दाखवतात, म्हणून ती निळ्या ऑइलपेंटने रंगवूनच वर्गात न्यावी.