पावसाळाभर वापरलेला लायटर सॉकेटचा व्होल्टमीटर आणि सोबत साधा मल्टीमीटर

दोन वस्तूंचं एकत्रच लिहितोय, कारण एकीशिवाय दुसरीचा उपयोग अर्धाच. एक म्हणजे लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर, त्यालाच मोबाईल चार्ज करायला दोन यूएसबी असतात तो. आणि दुसरा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो पिवळा मल्टीमीटर. दोन्ही मिळून पाचशेच्या आत आले. मे महिन्यात घेतले, आता दिवाळी पण झाली, म्हणजे कोकणातला अख्खा पावसाळा दोघांनी खाल्लाय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

घ्यायचं कारण म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा. गाडी जुनी डिझेल हॅचबॅक, लाखाच्या वर चाललेली, घर गुहागरला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा गंजाबद्दल वेगळं काय सांगायचं. दिवा लागायचा, दोन मिनिटांनी आपोआप जायचा, मग आठवडाभर काही नाही. गॅरेजला नेली की गाडी शहाण्यासारखी वागणार, मीटर लावला की १४.२ व्होल्ट, "तुमची गाडी ओके आहे, दिवा लागलेला असताना आणा". दवाखान्याच्या दारात गेल्यावर दुखायचं थांबतं तसला प्रकार. एका बॅटरीच्या दुकानात तर बॉनेट न उघडताच "बॅटरी गेली, नवीन टाका" म्हणून मोकळे झाले.

त्या दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी तो सहसा चार्जिंगबद्दल बोलत असतो, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला डायनॅमो म्हणतात त्या अल्टरनेटरबद्दल. बॅटरी चांगली की वाईट ते बघायचं तर गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी चावी न लावता मल्टीमीटर थेट बॅटरीवर धरायचा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. मग सेल्फ मारताना कोणाला तरी बघायला सांगायचं, साधारण १० च्या खाली पडता कामा नये. माझी १२.६ होती आणि सेल्फला १०.४. पावणेपाच हजाराची बॅटरी तिथेच वाचली, मीटरचे पैसे पहिल्याच सकाळी वसूल.

आता सॉकेटवाला. याची खरी कमाल ही की फॉल्ट येतो तेव्हा हा गाडीतच असतो, गॅरेजमध्ये नाही. चिपळूणहून संध्याकाळी परत येताना मार्गताम्हाण्यापासून शृंगारतळीपर्यंत पाऊस, खड्डे, हेडलाईट, वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर फुल, असा सगळा लोड एकदम असतो, आणि नेमका तेव्हाच दिवा यायचा. बायको शेजारी बसून मोबाईलवर आकडा आणि वेळ लिहायची, "तेरा एक, दिवा मंद, वायपर चालू" असं. चार-सहा वेळा लिहून झाल्यावर तिच्याच लक्षात आलं की दिवा दोन प्रकारचा आहे. कधी अगदी मंद, रात्रीच जाणवेल असा, तेव्हा आकडा १३.१-१३.२. आणि कधी खड्डा बसला की एकदम भक्कन लाल, तेव्हा आकडा थेट १२.३ वर आणि हळूहळू खाली. मी गाडी चालवताना एवढं कधीच पकडलं नसतं.

चिपळूणच्या वायरमनला ती यादी दाखवली. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर या माणसाने पाण्यात बुडालेल्या एवढ्या गाड्यांच्या वायरी सोडवल्यात की हिरवा झालेला कनेक्टर तो वासावरून ओळखेल. यादी वाचून म्हणाला, "मंद लागतो ना, म्हणजे करंट तयार होतोय पण वाटेत कुठेतरी अडकतोय. भक्कन लागतो तेव्हा तयारच होत नाय. दोन दुखणी हायत भाऊ, एक नाय." एवढं स्पष्ट आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

मंदवालं दुखणं मल्टीमीटरने सापडलं, आणि ही टेस्ट कोणीही घरी करू शकतो. इंजिन चालू, हेडलाईट, ब्लोअर सगळं चालू. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, आणि लाल पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर उघड्या धातूला. पिना आणि हात बेल्टपासून लांब. आकडा म्हणजे वाटेत वाया जाणारं व्होल्टेज, तो ०.२ च्या आत यायला हवा, माझा ०.७८ आला. मग प्लसची बाजू, अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, तिथे ०.१२, म्हणजे ठीक. तेव्हा रोग अर्थिंगमध्ये. इंजिनवरून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी वरून काळ्या स्लीव्हमध्ये छान दिसत होती, वायरमनने ब्लेडने स्लीव्ह चिरली तर आत तांब्याच्या तारांवर हिरवी पूड, बोटाने दाबलं की तारा तुटून हातात येतायत, थिंबलला, म्हणजे टोकाच्या बोल्टात बसणाऱ्या धातूच्या कडीला, धरून जेमतेम पाच-सहा शिल्लक. नवीन जाड पट्टी, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली. परत मोजलं तर ०.०४. सॉकेटमध्ये तेव्हापासून लोडवर पण १३.९ च्या खाली आकडा नाही आणि मंद दिवा कायमचा गेला.

भक्कनवाला मात्र राहिलाच. त्यासाठी वायरमनची जुनी युक्ती, दिवा लागलेला असताना इंजिन चालूच ठेवून अल्टरनेटरच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. दिवा गेला तर कार्बन, म्हणजे अल्टरनेटरमधल्या फिरत्या रोटरला करंट पोचवणारे ब्रश, संपलेत. धोपाव्याच्या फेरीबोटीच्या रांगेत योग जुळून आला, दिवा लागलेलाच होता, ठोकलं, दिवा गायब, मीटर १२.२ वरून १४.१. पुढच्या आठवड्यात अल्टरनेटर खोलला. एक कार्बन झिजून चारेक मिलिमीटर उरलेला, दुसरा तिरका खाल्लेला, आत काळी पूड. कार्बन आखूड झाले की मागची स्प्रिंग त्यांना रोटरच्या रिंगवर नीट दाबू शकत नाही, खड्ड्यात क्षणभर सुटतात, रोटरला मिळणारा करंट तुटतो आणि चार्जिंग बंद. माझ्या अल्टरनेटरमध्ये कार्बन आणि कटआऊट (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर) एकाच तुकड्यात येतात, तोच सेट बदलला, बेअरिंगही नवीन टाकून घेतलं कारण एकदा खोललंय तर परत कोण खोलणार. अख्खा नवीन अल्टरनेटर टाकायचा सल्ला मिळाला होता, त्याच्या पाव खर्चात काम झालं.

आता तक्रारी. सॉकेटवाला खऱ्यापेक्षा थोडं कमी दाखवतो, माझा ०.२ ने, कारण मधल्या वायरी आणि फ्यूजमध्ये व्होल्टेज पडतं. एकदा बॅटरीवर मल्टीमीटर लावून दोघांतला फरक बघून ठेवायचा, मग त्रास नाही. सॉकेटमध्ये सैल बसतो, खड्ड्यात आकडा विझतो आणि उगाच धडकी भरते, मी कागदाची घडी घालून घट्ट केलाय. रात्री त्याचा निळा उजेड डोळ्यात जातो, त्यावर इन्सुलेशन टेप. मल्टीमीटरचं म्हणाल तर एसी रेंज गाडीसाठी बिनकामाची. अल्टरनेटरचा डायोड (एसीचं डीसी करणारा भाग) गेलाय का ते बघायला एसी व्होल्टेज मोजतात, पण हा स्वस्त मीटर बॅटरीचं डीसीच मोजून तीसच्या आसपास दाखवतो, आणि पिना उलट्या केल्या की शून्य. त्यातली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे उगाच फुगतात, ते चिन्ह आलं की आधी सेल बदला. आणि लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असताना चुकूनही बॅटरीवर लावू नका, थेट शॉर्ट होतो, आणि माझ्या मीटरच्या त्या भोकाला तर फ्यूजच नाही.

नवीन गाडीवाल्यांनी मात्र आकडे बघून घाबरायचं नाही. मेव्हण्याच्या गाडीत हाच सॉकेटवाला लावला, सपाटीला १२.८ आणि आंबा घाट उतरताना १४.८, त्याने घाटातूनच फोन केला. त्या गाड्यांत चार्जिंग किती करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, डिझेल-पेट्रोल वाचवायला मधेमधे कमी करतो आणि उतारावर भरून घेतो. तिथे आकडा एकटा काही सांगत नाही, दिव्यासोबत बघायचा.

अजून एक, इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून "डायनॅमो चालतो का बघू" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. जुन्या जीपला चालायचं ते, आताच्या गाडीत व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. आणि दिव्यासोबत टेंपरेचरचा काटा पण वर चढला तर पुढच्या गावापर्यंत नेऊ म्हणायचं नाही, बेल्ट तुटलेला असू शकतो आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो, लगेच बाजूला घ्यायची.

एकच घ्यायचा असेल तर आधी सॉकेटवाला घ्या, दिवा कधी लागतो ते कळल्याशिवाय मल्टीमीटर धरायचा कुठे ते कळत नाही. मल्टीमीटर मी आता थोडा बरा, एसी नीट मोजणारा बघतोय, पिवळ्याचा नॉब खाऱ्या हवेने आताच अडकायला लागलाय.