युकॉनचं डेकेअर अनुदान: फी कमी झाली हे छानच, पण खरा पैसा लागलाय तो बाईंच्या पगारात

कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉन प्रदेशात, म्हणजे तिथल्या राजधानीत व्हाइटहॉर्सला, यायचं ठरवलेली मराठी कुटुंबं सारखं एकच विचारतात, की तिकडे मुलांच्या डेकेअरचं काय, परवडतं का, दोघंही नोकरीला गेलो तर पोराला ठेवायचं कुठे. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझी मुलगी इथल्या डेकेअरला जाते आणि मी स्वतः आता त्याच कामाचं शिक्षण घेतेय, त्यामुळे पालक म्हणून काय दिसतं आणि आत काय चालतं हे दोन्ही सांगू शकते.

आधी पैशाचं बोलूया. 1 एप्रिल 2021 पासून युकॉन सरकार लायसन्स असलेल्या डेकेअरमध्ये फुल-टाइम जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे महिन्याला 700 डॉलरपर्यंत देतं आणि हे पैसे थेट डेकेअरकडे जातात. उत्पन्नाचा दाखला नाही, हेलपाटे नाहीत, आधी भरा मग परत मागा असलंही काही नाही. महिन्याचं बिल येतं त्यात वर पूर्ण फी, खाली सरकारचा हिस्सा वजा केलेला आणि शेवटी आपण भरायचे ते पैसे, बास. सरासरी काढली तर दिवसाला 10 डॉलरच्या आत बसतं, कुठे थोडं जास्त कुठे कमी. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांच्यासाठी वेगळी सबसिडी आहे, तिला मात्र अर्ज करावा लागतो. आणि हे कॅनडाच्या केंद्र सरकारने त्या वर्षीच्या बजेटमध्ये देशभरासाठी 30 अब्ज डॉलर जाहीर केले त्याच्याही आधी युकॉनने सुरू केलं होतं, केंद्राशी करार नंतर जुलैमध्ये झाला, पाच वर्षांसाठी जवळपास 4.2 कोटी डॉलरचा. अख्ख्या युकॉनची वस्ती आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, पन्नास हजाराच्या आतच, त्या मानाने ही रक्कम लहान नाही.

आता अडचण. जागा मिळत नाहीत. फी कमी झाली की सगळ्यांनाच मूल डेकेअरला घालावंसं वाटणार, त्यात चूक काहीच नाही, पण खोल्या आणि शिक्षिका त्या वेगाने वाढत नाहीत, आणि सगळ्यात हाल तान्ह्या बाळांच्या आईवडिलांचे, कारण लहान बाळांना माणसं जास्त लागतात म्हणून त्या जागा मुळातच थोड्या. आम्ही नाव घातलं होतं त्यातल्या एका डेकेअरने तर नंतर कधी फोनसुद्धा केला नाही. नोकरीची जॉइनिंग डेट ठरवायच्या आधी वेटलिस्टला नाव घाला, तेही एकाच ठिकाणी नको, आणि घरगुती लायसन्स्ड डे होम असतात तीही धरा, त्यांनाही हेच अनुदान लागू आहे.

पण मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्या 2021 च्या करारात पूर्ण प्रशिक्षित शिक्षिकेला तासाला जवळजवळ 30 डॉलर किमान पगार ठरवला गेला. तेव्हा युकॉनचं साधं किमान वेतन 15 च्या आसपास होतं, म्हणजे जवळपास दुप्पट. माझी मावशी अंगणवाडी सेविका होती, आयुष्यभर गावातली पोरं सांभाळली, वजनं केली, रजिस्टरं भरली आणि हातात काय तर मानधन, पगार नाहीच, आणि त्या मानधनासाठीही मोर्चे काढावे लागायचे. त्यामुळे लहान मुलांना सांभाळणाऱ्या बाईला सरकार कुशल कामगार मानतं हे बघून मला खरंच भरून आलं.

शिक्षणावर पगाराची पायरी ठरते. छोटा प्राथमिक कोर्स केला की लेव्हल 1, साधारण वर्षभराचं शिक्षण झालं की 2, दोन वर्षांचं झालं की 3. युकॉन युनिव्हर्सिटीत (2020 पर्यंत हे कॉलेज होतं, कॅनडाच्या उत्तर भागातली पहिली युनिव्हर्सिटी हीच) नोकरी करता करता हे शिकता येतं. माझ्या बॅचला दिवसभर डेकेअरला काम करून संध्याकाळी लॅपटॉप उघडणाऱ्या बायका आहेत, आणि शिकलेलं दुसऱ्या दिवशी लगेच वापरतात. एकदा हिवाळ्यात मुलीला सोडायला गेले तर एक छोटा मुलगा स्नोपँटमध्ये दोन्ही पाय एकाच बाजूला घालून रडकुंडीला आलेला, बाहेर उणे वीस, बाकीची पोरं बूट घालून दाराशी तयार, आणि बाई मात्र शांतपणे खाली बसून म्हणाल्या की हा पाय कुठे राहतो सांग बरं, आणि त्यानेच विचार करून पाय काढला. वैतागलेली आणि कमी पगारातली बाई असती तर तिने त्याला उचलून दोन मिनिटांत कोंबलं असतं. ट्रेनिंगचा पैसा जातो कुठे म्हणाल तर इथे.

व्हाइटहॉर्सच्या बाहेर मात्र चित्र एवढं बरं नाही. ओल्ड क्रोला तर रस्ताच नाही, विमानानेच जायचं, आणि अशा छोट्या गावांत शिक्षिका मिळाली तरी तिला राहायला घर मिळत नाही. तिथे बाहेरून माणूस आणण्यापेक्षा गावातल्याच मुलींना गावातच शिकवणं हाच मार्ग मला दिसतो, युनिव्हर्सिटीचे छोटे कॅम्पस डॉसन सिटी, वॉटसन लेक, ओल्ड क्रोला आहेतच, त्यांना जास्त पैसा द्यायला हवा. आणि हा पैसा फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजांच्या, हातात हवा. त्यांची मुलं पिढ्यानपिढ्या घरापासून तोडून सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांत टाकली गेली, भाषा मोडली, आणि 1973 मध्ये त्यांचे नेते एलायजा स्मिथ यांच्यासोबत त्यांची माणसं थेट ओटावाला पंतप्रधानांकडे गेली ती मुलांच्या भविष्याचीच मागणी घेऊन. आज व्हाइटहॉर्समध्ये क्वान्लिन डून फर्स्ट नेशनचं स्वतःचं हेड स्टार्ट सेंटर, म्हणजे बालवाडी, आहे जिथे लहान मुलांच्या कानावर त्यांची सदर्न टचोनी भाषा पडते. ज्या समाजाने एवढं सोसलं त्यांच्या हातात बालवाडी असणं हे मला फी कमी होण्याइतकंच मोठं वाटतं.

माझे मार्क: फी आणि सोपेपणा 5 पैकी 5, पगार आणि ट्रेनिंग 5, जागा मिळणं 2, छोट्या गावांसाठी 3. केंद्राशी झालेला करार 2031 पर्यंत वाढलाय त्यामुळे फीची चिंता लगेच नको. इथे येणाऱ्या ज्या ताईंना मुलांबरोबर काम करायची आवड आहे आणि इथे काय करू असा प्रश्न पडलाय त्यांनी लेव्हल 1 चा कोर्स नक्की बघावा, डेकेअर माणसं शोधतच असतात, आणि आपलं भारतातलं शिक्षण असेल तर ते कुठल्या लेव्हलला धरतात हे आधी विचारून घ्या, कागद इंग्रजीत करून आणलेले बरे.