ट्रम्पेटर गुलाबाची सहा रोपं, तीन उन्हाळे

आमच्या घरापुढची जागा चार मीटर बाय तीन मीटर. इंग्लंडमधल्या डर्बीतलं ओळीतलं विटांचं घर, पुढे बुटकी भिंत, भिंतीपलीकडे लगेच फुटपाथ. एवढ्याशा जागेत मला इथल्या खेड्यातल्या घरांपुढे असते तशी बाग हवी होती. सगळं एकात एक घुसलेलं, वाटेवर सांडलेलं, मधेच कांद्याच्या पातीसारख्या चिवेजची चार रोपं. खरं सांगायचं तर ती आपली परसबागच. अळू आणि कर्दळीच्या जागी इथे लॅव्हेंडर आणि उंच तुऱ्यांचे फॉक्सग्लोव्ह, एवढाच फरक. आणि त्यात लाल गुलाब हवाच, कारण मी नाशिकची. मोगलांच्या काळात आमच्या गावाला गुलशनाबाद म्हणत, ही फुशारकी मी इथल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलेली आहे.

उंच वाढणारा गुलाब नको होता, नाहीतर बैठकीच्या खिडकीत अंधार. म्हणून २०२२च्या नोव्हेंबरात ट्रम्पेटर जातीची सहा रोपं टपालाने मागवली. हा फ्लोरिबंडा, म्हणजे एका दांडीला एक फूल नाही, अख्खा घोस. झुडूप बुटकं आणि भरगच्च. अशांना इथे ताटव्याचे गुलाब म्हणून विकतात. बागेत, चौकात, नगरपालिकेच्या हिरवळीत एकाच रंगाचा गालिचा घालायचा, त्यासाठीचे. सॅम मॅकग्रेडी हे उत्तर आयर्लंडचे गुलाबवाले १९७२ साली न्यूझीलंडला गेले, आणि तिथून १९७७ साली त्यांनी ही जात आणली. तिच्या आईबापांतला एक गुलाब ‘सॅचमो’. सॅचमो म्हणजे ट्रम्पेट हे तुतारीसारखं वाद्य वाजवणारे जॅझवाले लुई आर्मस्ट्राँग, त्यावरून लेकराचं नाव ट्रम्पेटर. नाव अगदी शोभतं. का, ते पुढे सांगते.

रोपं आली तेव्हा नवऱ्याने खोकं उघडून विचारलं, “सरपण मागवलंस का?” थंडीत इथे गुलाब कुंडीशिवाय, मातीशिवाय मिळतो. तीन-चार काटेरी काटक्या आणि खाली ओल्या कागदात गुंडाळलेली मुळं. कुंडीतल्या रोपापेक्षा बराच स्वस्त, आणि माझ्या मते चांगलाही. मुळं डोळ्यांनी बघता येतात. दोन तास बादलीत भिजवायची आणि लावायची.

लावताना मात्र माझं नाशिकचं ज्ञान आडवं आलं. बाबा सांगायचे, डोळा भरलेली गाठ, म्हणजे कलमाची जागा, मातीच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर सडते. मी तसंच केलं. पहिली दोन लावून होतात तोच शेजारच्या आजीबाई भिंतीवरून डोकावल्या. “अगं डक, ती गाठ आत घे, आत. थंडी आहे इथे.” (डर्बीत सगळ्यांनाच डक म्हणतात, बसचा ड्रायव्हरसुद्धा.) आजीबाईंचं वय ऐंशीच्या पुढे आणि साठ वर्षं गुलाब लावतायत, तेव्हा वाद नाही घातला. गाठ मातीखाली दोन बोटं गेली की गारठ्यापासून वाचते आणि वाऱ्याने झुडूप हलत नाही. दोन्ही रोपं परत उकरली. आमची माती चिकट, पावसात फावड्याला लोण्यासारखी चिकटणारी आणि उन्हात भेगाळणारी, त्यामुळे उकरणं म्हणजे काय ते विचारू नका. प्रत्येक खड्ड्यात एक मोठी पाटी कुजलेलं शेणखत. दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर. ते थोडं कमीच पडलं, ६० ठेवायला हवं होतं.

आता रंग. पाकिटावरच्या फोटोवर जाऊ नका. फोटोत हा गुलाब कुंकवासारखा दिसतो. प्रत्यक्षात लाल आहे, पण शेंदराकडे झुकलेला, आणि ढगाळ दिवशी तर आतून दिवा लावल्यासारखा पेटतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सहाच्या सहा झुडपं एकदम फुलली आणि माझी नाजूक बाग गायब. रस्त्याच्या टोकावरून फक्त लाल पट्टा दिसत होता. ट्रम्पेट म्हणतात ते हेच, बाकी कुणाला बोलू देत नाही. त्यात शेजारी गुलाबी फॉक्सग्लोव्ह. पैठणीत राणी रंगाला शेंदरी काठ खुलून दिसतो, पण ते नाशिकच्या उन्हात. इथल्या करड्या उजेडात तीच जोडी डोळ्यांत खुपते.

चूक गुलाबाची नाही, माझीच. ताटव्याचा गुलाब ओळीत लावला की तो ताटवाच होणार. पुढच्या हिवाळ्यात फॉक्सग्लोव्ह काढून पांढऱ्या जातीचे लावले, झुडपांच्या पायाशी निळसर नेपेटा आणि पोपटी फेसासारखी फुलणारी अल्केमिला घातली. अल्केमिला लाल रंगाची धार अशी काही बोथट करते की विश्वास बसत नाही. तिच्या पानांवर दव मोत्यांसारखं थांबतं, तेही फुकटात. एवढं करूनही सहा झुडपं जास्तच होती. बारा चौरस मीटरला तीन पुरे.

बहराच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. झुडपं तिसऱ्या वर्षीही माझ्या मांडीएवढीच आहेत, ६० ते ७० सेंटिमीटर. जूनमध्ये पहिला बहर. सुकलेले घोस पानासकट कापत गेलं की ऑगस्टअखेर दुसरा, आणि मग थंडी पडेपर्यंत तुरळक फुलं येत राहतात. गेल्या खेपेला नोव्हेंबरातही दोन होती. एकेक फूल झाडावर बरेच दिवस टिकतं. पावसाने पाकळ्या फारशा बिघडत नाहीत, मात्र भिजलेला घोस जड होऊन वाटेवर लोळतो आणि पोस्टमनच्या विजारीला काटे लागतात.

आणि दुसरा बहर येतो तो बरोबर गणपतीत! डर्बीत जास्वंद कुठून आणायची? २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, तेव्हा दारातली एकवीस लाल फुलं मोजून वाहिली. २०२५ साली २७ ऑगस्टला, तेव्हा बहर नुकता सुरू होत होता, बारा मिळाली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या गुलाबाला बरंच माफ केलं आहे.

कारण माफ करण्यासारखं मोठं काही आहेच. वास. नाकाला टेकवून, डोळे मिटून, मनापासून श्वास घेतला तर काहीतरी असल्याचा भास होतो. सासूबाई उन्हाळ्यात राहायला आल्या होत्या. पहिल्या सकाळी फूल हातात घेऊन हुंगलं, उलटं करून पाहिलं, परत हुंगलं. “अगं, हे खरं आहे ना?” मी म्हटलं, “आई, काटा टोचून बघा.” त्यांच्याकडे दर वर्षी गावठी गुलाबाचा गुलकंद उन्हात ठेवतात. त्या बरणीपुढे ट्रम्पेटर म्हणजे कागदाचं फूल. सुगंधासाठी गुलाब घेणार असाल तर हे परीक्षण इथेच सोडा आणि दुसरी जात बघा.

निगा फार नाही. पानं गडद, चकचकीत, रोगाला बऱ्यापैकी दाद न देणारी. पहिली दोन वर्षं काळे ठिपके सप्टेंबरात थोडे आले, ती पानं वेचून कचऱ्यात टाकली, कंपोस्टमध्ये नाही. मेमध्ये कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. मी फवारणी करत नाही, बोटांनी चिरडते, आठवड्याभरात ब्लू टिट पक्षी उरलेलं काम करतात. बाबा दसरा झाला की छाटणीची कात्री काढायचे, इथे फेब्रुवारी संपेपर्यंत थांबावं लागतं. मार्चच्या सुरुवातीला सगळं गुडघ्याखाली, साधारण २५ ते ३० सेंटिमीटरवर कापते. मग मूठभर गुलाबाचं खत, आणि पहिला बहर संपला की परत मूठभर. २०२५चा वसंत इतका कोरडा गेला की एप्रिलपासून बादलीने पाणी घालावं लागलं. आळं नीट केलेलं असेल तर आठवड्याला एक बादली दर झुडपाला पुरते. एका झुडपाच्या बुडाशी फिकट पानांची वेगळीच फूट आली होती. ती खुंटाची, म्हणजे ज्या रानटी गुलाबाच्या मुळावर कलम केलेलं असतं त्याची. कापू नका, माती बाजूला करून मुळापासून ओढून काढा. कापली की दुप्पट जोमाने येते.

रोपवाटिकेबद्दल दोन शब्द. सहापैकी एक रोप फुललं ते फिकट गुलाबी. फोटो पाठवला. उत्तर यायला तीन आठवडे लागले, आणि आलं ते असं, की उजेडामुळे रंग बदलू शकतो. उजेडामुळे! दुसऱ्या पत्रानंतर बदली रोप द्यायला तयार झाले, पण नोव्हेंबरात, आणि टपालखर्च माझा. बाकी पाच रोपांची मुळं उत्तम होती, हे कबूल करायला हवं. तरी पुढची खरेदी मी तिथून करणार नाही.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. वास असता तर साडेचार. कुंडीत किंवा चिंचोळ्या वाफ्यात एक-दोन लावायला उत्तम, शेजारी निळं-पांढरं काहीतरी ठेवा, गुलाबी नको. मी या हिवाळ्यात दोन झुडपं काढून आजीबाईंना देते आहे. त्या जागी दुसरा गुलाब लावायचा नाही, जुन्या गुलाबाच्या मातीत नवा धरत नाही, हेही त्यांनीच बजावलं. तिथे चिवेज आणि थोडी मेथी टाकेन. चुकून आलेला गुलाबी मात्र राहतोय. त्याला वास आहे.